सतत हरणारी टीम आणि तिला न सोडणारे आपण (पिट्सबर्ग पायरेट्सवाले आहेत का इथे कोणी?)

तीन_नद्या:

इथे क्रिकेटचा धागा निघाला की तासाभरात शंभर प्रतिसाद पडतात, बेसबॉलवर कोण येणार देव जाणे, पण या थंडीत आमच्या घरात हाच विषय चाललाय म्हणून काढतेच.

आम्ही पिट्सबर्गला राहतो. इथे अमेरिकन फुटबॉलची स्टीलर्स, आइस हॉकीची पेंग्विन्स आणि बेसबॉलची पायरेट्स अशा तीन टीम. पहिल्या दोघींच्या कपाटात कप ठेवायला जागा नाही. तिन्हींचे रंग एकच, काळा आणि सोनेरी, त्यामुळे समोरचा कुठल्या टीमचा टीशर्ट घालून येतोय ते लांबून कळत नाही, जवळ आला की चेहऱ्यावरून कळतं :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९९३ ते २०१२ असे सलग वीस सीझन पायरेट्स जितक्या मॅच जिंकले त्यापेक्षा जास्त हरले. वीस! अमेरिकेतल्या मोठ्या खेळांमध्ये एवढी लांब हार कुणाच्याच नावावर नाही. आधीचा रेकॉर्ड फिलाडेल्फियाचा होता सोळा वर्षांचा, तो आम्ही २००९ लाच मोडला. मग २०१३ ते १५ तीन वर्षं झकास गेली आणि त्यानंतर २०२५ पर्यंत प्लेऑफचं (सीझननंतरच्या बाद फेरीचं) तोंड पाहिलेलं नाही. २०२१ ला १०१ मॅच हरले, २०२२ ला १००. गेल्या सीझनला म्हणजे २०२५ ला ७१ जिंकले ९१ हरले, आणि याच टीममध्ये पॉल स्कीन्स नावाचा पिचर (बॉल टाकणारा) आहे ज्याला साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरचं) मिळालं, तेही एकमताने. ईआरए १.९७, म्हणजे बाबा नऊ इनिंगमागे धड दोन रनसुद्धा देत नाही, आणि त्याच्या नावावर रेकॉर्ड काय तर दहा जिंकल्या दहा हरल्या. लीगमधला सगळ्यात भारी पिचर घेऊन हे करून दाखवायलाही कसब लागतं.

तर नवरा म्हणतो यंदा तिकिटांचं पॅकेज नको, मालक पैसे सोडत नाही तर आपण का सोडायचे. मुलगा म्हणतो स्कीन्स आहे तोवर जायचंच. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे. तुमच्यापैकी कोणी अशी टीम धरून बसलंय का, आणि का?

गल्लीतला_अंपायर:

बेसबॉल ओ की ठो कळत नाही पण धागा वाचला. दोन बाळबोध प्रश्न. एक, वर्षात मॅच असतात तरी किती की शंभर हरल्या तरी सीझन चालूच? दुसरं, फुटबॉलमध्ये खाली राहिलात तर सरळ खालच्या लीगमध्ये ढकलतात, तसं इथे नाही का? मग मालकाला भीती कसली?

आकडेमोड:

@अंपायर भीती नाहीच, तेच तर दुखणं आहे. मॅच १६२ असतात एका सीझनला, एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज. आणि खाली ढकलणं वगैरे प्रकार नाही, तीस क्लब आहेत ते तीसच राहतात, शेवटून पहिले आलात तरी पुढच्या वर्षी तुमची खुर्ची पक्की. उलट जो जास्त हरतो त्याला नवीन पोरं निवडायला आधी नंबर मिळतो. २०२३ पासून त्यात लॉटरी आणली, म्हणजे मुद्दाम हरून पहिला नंबर मिळेलच असं नाही. आणि पहिली लॉटरी लागली कोणाला, तर पायरेट्सना! त्यातूनच स्कीन्स आला. त्याआधी २०११ ला असाच पहिल्या नंबरावर गेरिट कोल घेतला होता, तो तयार झाला आणि २०१८ च्या जानेवारीत ह्यूस्टनला देऊन टाकला, पुढे न्यूयॉर्क यँकीजनी त्याला ३२ कोटी ४० लाख डॉलरचा करार दिला. त्याच महिन्यात टीमचा लाडका स्टार मॅककचनलाही सॅन फ्रान्सिस्कोला पाठवला.

आता पैशाचं. बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या पगारावर वरून पक्कं झाकण नाही, एका हद्दीच्या वर गेलात तर दंड भरा आणि मजा करा. खालून तर काहीच बंधन नाही. त्यामुळे २०२५ ला लॉस एंजेलिस डॉजर्सचा पेरोल (सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार) ३० कोटी डॉलरच्या वर आणि पायरेट्सचा १० कोटीच्या आत, आणि दोघं एकाच लीगमध्ये एकमेकांसमोर. वर टीव्हीचे राष्ट्रीय हक्काचे पैसे सगळ्यांना सारखे, आणि श्रीमंत क्लबांच्या कमाईतला वाटा गरिबांना मिळतो तो वेगळाच. २०१० मध्ये काही क्लबांचे हिशेबाचे कागद बाहेर फुटले होते, त्यात पायरेट्स हरत असताना चांगले नफ्यात होते हे सगळ्या गावाने वाचलं.

तेव्हा ताई, राग मानू नका, पण तुमच्या पॅकेजवर त्या मालकाचं फारसं काही अडलेलं नाही. तुम्ही गेलात तर वरची साय, नाही गेलात तरी दूध आहेच.

फिलीचे_काका:

अहो आमचा सोळा वर्षांचा विक्रम मोडलात त्याबद्दल आभार, फार वर्षं आम्ही एकट्याने वाहिला तो!

मी फिलाडेल्फियाचा. फिलीज हा जगातला पहिला प्रोफेशनल क्लब जो दहा हजार मॅच हरला, जुलै २००७ मध्ये, घरच्याच मैदानावर. त्या दिवशी लोक काय रडले वगैरे नाहीत हां, पोस्टर घेऊन आलेले, जणू कुणाची पंचाहत्तरी. आणि पुढच्याच वर्षी २००८ ला वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल) जिंकलो. आमच्याकडची पद्धत अशी की प्रेम करायचं ते शिव्या देऊन. आपला बॅटर स्ट्राइकआउट (तीन चुकांत आउट) झाला की सगळं स्टेडियम बू करतं, बाहेरून आलेल्यांना वाटतं ही काय माणसं. पण मला पिट्सबर्गच्या लोकांचं आश्चर्य वाटतं, मी दोन-तीनदा आलोय मॅचला, तिथे हरताना लोक पिरोगीच्या शर्यतीला टाळ्या वाजवत बसतात. इतकं गोड राहून चालत नाही मॅडम! मालक माजतो.

तीन_नद्या:

काका, पिरोगीच्या शर्यतीला नावं ठेवायची नाहीत :) (इतरांसाठी: पिरोगी म्हणजे पोलिश लोकांची आत बटाटा-चीज भरलेली उकडीच्या करंजीसारखी वस्तू, आणि इनिंगच्या मध्ये त्यांचे मोठाले पोशाख घालून माणसं मैदानाच्या कडेने पळतात. मुलं त्यासाठीच येतात. खरं तर मीही.)

पण गोड वगैरे नाही हो आम्ही. २००७ च्या जूनमध्ये लोकांनी ठरवलं होतं की तिसरी इनिंग संपली की सगळ्यांनी उठून निघून जायचं, निषेध म्हणून. उठले ते थोडेच, बाकीचे म्हणाले तिकीट काढलंय तर मॅच बघू. याला गोडपणा म्हणा की कोडगेपणा. आणि २०२५ ला घरच्या पहिल्याच मॅचला पूर्ण स्टेडियम "टीम विका, टीम विका" ओरडत होतं, वर आकाशात विमानामागे तसाच बॅनर फिरत होता. मालक नटिंगसाहेब २००७ पासून आहेत ते आहेतच.

आणि याची सुरुवात कुठून झाली ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेजारचे आजोबा आहेत, स्टीलच्या कारखान्यात होते, त्यांच्यासमोर सिड ब्रीम हे नाव काढायचं नाही असा अलिखित नियम आहे. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटाला सातवी आणि शेवटची मॅच, जिंकणारा वर्ल्ड सिरीजला. पायरेट्स नवव्या इनिंगला २-० पुढे. मग एक रन गेला, २-१. दोन आउट झालेत, आता एकच हवाय. अटलांटाने बॅटिंगला पाठवला फ्रान्सिस्को कब्रेरा, जो त्या सीझनला फार खेळलेलाही नव्हता, त्याने डावीकडे बॉल मारला, एक जण आत आला, बरोबरी. त्याच्यामागून धावत निघाला सिड ब्रीम. गुडघ्याची ऑपरेशनं झालेली, पायाला ब्रेस, टीममधला सगळ्यात मंद माणूस म्हणा ना, आणि वर दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचाच खेळाडू! डावीकडून बॉल फेकतोय कोण तर बॅरी बाँड्स. बॉल आला जरा बाजूला आणि ब्रीम घसरत प्लेटवर (जिथे पोचलं की रन) पोचला. ३-२. त्या थंडीत बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, पिचर ड्रेबेक ह्यूस्टनला गेला, आणि मग वीस वर्षं. आजोबा म्हणतात तो थ्रो दोन फूट इकडे आला असता तर काही बदललं नसतं, बाँड्स जाणारच होता, पैसेच नव्हते. पण नाव मात्र काढू देत नाहीत.

पेरूगेटचा_पप्पू:

आम्हाला विचारा की हरणं. पुणे वॉरियर्स आठवतंय का कोणाला? २०११ ते १३, तीन सीझन आयपीएल, गहुंज्याला ऊन खात बसायचो, तळाला किंवा तळाच्या एक वर. आणि प्रेम बसायला लागलं तेवढ्यात टीमच बंद! तुमच्याकडे निदान हरायला टीम तरी आहे ताई.

(आरसीबीवाल्यांनी इथे येऊ नये, तुम्ही २०२५ ला जिंकलात, तुमचा कोटा संपला.)

कोबेकर:

जपानातून एक भर. मी हानशिन टायगर्सवाला, म्हणजे लग्नामुळे झालेला, सासरे आहेत म्हणून. १९८५ ला हे लोक चॅम्पियन झाले तेव्हा ओसाकात दोतोंबोरी नदीवरच्या पुलावर गर्दी जमली, एकेका खेळाडूसारखा दिसणारा माणूस पुढे यायचा आणि नदीत उडी मारायचा. रँडी बास हा दाढीवाला अमेरिकन स्टार, त्याच्यासारखा गर्दीत कोणी मिळेना, मग जवळच्या केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून टाकला नदीत. झालं. त्यानंतर टीम अशी काही झोपली की बरीच वर्षं तळाला, लोक म्हणायला लागले कर्नलचा शाप. पुतळा सापडला २००९ ला, चिखलात, चष्म्याशिवाय. आणि टायगर्स पुन्हा चॅम्पियन झाले थेट २०२३ ला. मधे २००५ ला फायनलला गेले होते पण चार मॅचमध्ये मिळून ३३-४ रनांनी मार खाल्ला, आजही इथे नुसतं "३३-४" म्हटलं की समोरचा कळवळतो.

पण सांगायचं ते हे, या सगळ्या काळात कोशिएन स्टेडियम भरलेलंच असायचं. मालक रेल्वे कंपनी आहे, तिच्याच ट्रेनने लोक मॅचला जायचे, हरून त्याच ट्रेनने परत. सासऱ्यांना एकदा विचारलं की टीम बदलावी नाही का वाटली. त्यांना प्रश्नच कळला नाही. मी आणखी दोन प्रकारे विचारला, तरी नाही.

ईस्ट_बे_अस्मिता:

हे सगळं वाचून हसू पण येतंय आणि चिडचिड पण होतेय, कारण आमच्याकडे हा प्रयोग शेवटपर्यंत करून झालाय. ओकलंड एज (म्हणजे अ‍ॅथलेटिक्स), आमची बेसबॉल टीम.

मालकाने चांगले खेळाडू एकेक करून विकले, तिकिटं महाग केली, स्टेडियम पडकं, मग लोक यायचे बंद झाले. मग मालक म्हणाला बघा लोकच येत नाहीत, आम्ही लास व्हेगासला जातो. यावर लोकांनी काय करावं? १३ जून २०२३, मंगळवार, उलटा बहिष्कार. म्हणजे मुद्दाम सगळ्यांनी यायचं, हे दाखवायला की आम्ही आहोत, नको आहे तो मालक. एरवी चार-पाच हजार असायचे तिथे जवळजवळ २८ हजार आले, हिरवे टीशर्ट घालून, त्यावर एकच शब्द "विका". टीम तेव्हा लीगमध्ये सगळ्यात खाली होती, आणि त्या रात्री टँपा बेला २-१ हरवलं! सलग सातवी मॅच जिंकले, मी घसा बसेपर्यंत ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवाडाच्या (लास व्हेगासचं राज्य) सिनेटमधून स्टेडियमच्या पैशाचा कायदा पुढे सरकलेलाच होता. सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली, ४६ हजारांवर लोक, सफाई करणाऱ्या माणसांपासून सगळे रडत होते. आता टीम सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानात खेळते, नाव फक्त एज, गावाचं नाव लावतच नाहीत.

तेव्हा @आकडेमोड, तुमचा हिशेब बरोबर आहे पण अर्धा. गेलो तरी मालक मजेत आणि नाही गेलो तर तो टीम उचलून नेतो. नवऱ्याला सांगा तीन_नद्या ताई, बहिष्काराने मालक सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. जा. मॅच बघा. टीम गेली की कळतं.

आकडेमोड:

@अस्मिता मान्य. फक्त एवढंच की पायरेट्स जाणार नाहीत, स्टेडियम २००१ चं आहे आणि देशातल्या सगळ्यात सुंदर मैदानांत त्याचं नाव घेतात. म्हणजे गंमत बघा, मैदान इतकं छान की लोक टीमसाठी नाही तर मैदानासाठी येतात, आणि म्हणून टीम सुधारायची गरज उरत नाही. खराब मैदान असतं तर कदाचित टीम चांगली असती.

फिलीचे_काका:

हे वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

तीन_नद्या:

@अस्मिता काय बोलू. तुझी पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, तो गप्प बसलाय, म्हणजे पॅकेज येतंय.

पण मी माझंच उत्तर सांगते, चार दिवस विचार करून सुचलेलं. क्रिकेटमध्ये वर्ल्डकप हरलो की चार वर्षं तोंड कडू. बेसबॉल तसा नाहीये. १६२ मॅचमध्ये कितीही रद्दी टीम असली तरी बहुतेकदा साठेक जिंकतेच. (२०२४ च्या शिकागो व्हाइट सॉक्ससारखे काही सोडून, ते ४१ जिंकले आणि १२१ हरले, नवीन काळातला सगळ्यात वाईट रेकॉर्ड, तिथलं कोणी असेल तर मिठी.) साठ म्हणजे आठवड्याला दोन-तीन दिवस चांगले जातात. नोकरीत तरी आणखी काय असतं? आणि रोज असतं ना ते, संध्याकाळी सात वाजता. भाजी परतताना रेडिओ लावलेला, कोण हरतंय याकडे निम्मं लक्ष, आणि तो आवाज उन्हाळाभर घरात. मी इथे शिकायला आले तेव्हा कोणी ओळखीचं नव्हतं, पेन हिल्सच्या देवळात गेलं की आपली माणसं भेटायची आणि मॅचला गेलं की गावातली. तिकीट स्वस्त, कारण हरायचे! जिंकणारी टीम असती तर मला परवडली नसती आणि मी या गावाची झालेच नसते बहुतेक.

आणि मग २०१३. ९ सप्टेंबरला टेक्ससमध्ये १-० ने जिंकले, तो ८२ वा विजय, म्हणजे वीस वर्षांनी पहिल्यांदा हरण्यापेक्षा जिंकणं जास्त होणार हे पक्कं झालं. कप नाही, काही नाही, निम्म्याहून एक जास्त, तेवढ्यावर लोक हॉर्न वाजवत फिरत होते. १ ऑक्टोबरला घरच्या मैदानात प्लेऑफची मॅच, सिनसिनाटीशी. सगळे काळे कपडे घालून. त्यांचा पिचर जॉनी क्वेटो, आणि सगळं स्टेडियम लांब सूर काढून "क्वेऽऽटो, क्वेऽऽटो" म्हणतंय. त्याच्या हातातून बॉल पडला. अक्षरशः हातातून निसटून खाली. आणि पुढच्याच बॉलला आमच्या रसेल मार्टिनने होमरन (आपला सिक्सर म्हणा) मारला. मी तिथे वरच्या मजल्यावर होते, शेजारच्या अनोळखी बाईने मला इतकं घट्ट धरलं की चष्मा वाकला. वीस वर्षं रोज जिंकणाऱ्या टीमच्या माणसाला हे मिळत असेल असं मला नाही वाटत.

(मग २०१४ आणि २०१५ ला तशीच एक-एक मॅचची प्लेऑफ, घरच्याच मैदानात, ८-० आणि ४-० ने हरलो. २०१५ ला तर ९८ मॅच जिंकून. ते जाऊदे.)

उपरा_शिकागोकर:

ताईंच्या शेवटच्या वाक्यावर शिकागो कब्जकडून अर्धं अनुमोदन. १९०८ नंतर २०१६, एकशे आठ वर्षं. बोकडाचा शाप वगैरे सगळं होतं आमच्याकडे, १९४५ ला एका बारमालकाला त्याच्या बोकडासकट बाहेर काढलं म्हणून. २०१६ ची सातवी मॅच क्लीव्हलंडमध्ये, बरोबरी झाली, पाऊस आला, सतरा मिनिटं थांबले आणि दहाव्या इनिंगला ८-७. त्या दिवसांत लोक रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतीवर खडूने नावं लिहीत होते, आपल्या गेलेल्या आजोबांची, आईची, जे बघायला राहिले नाहीत त्यांची. हात पोचेल तिथपर्यंत भिंत भरली.

अर्धं यासाठी की नंतर काय झालं ते कोणी सांगत नाही. तिकिटं भयानक महाग झाली आणि पुढच्या वर्षी प्लेऑफला हरलो तेव्हा शेजारचा माणूस म्हणाला, यांना काढा सगळ्यांना. एकशे आठ वर्षं धीर धरणारी माणसं बारा महिन्यांत अशी झाली. मी स्वतःही. आता क्लीव्हलंडचे लोक १९४८ पासून थांबलेत, त्यांच्याकडे बघितलं की हेवा वाटतो म्हटलं तर मार खाईन.

गल्लीतला_अंपायर:

एवढं वाचल्यावर आता मला पण एक हरणारी टीम पाहिजे. बरं ते आपल्याकडची दोन पोरं अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेली होती ना, ती कुठल्या टीममध्ये होती?

आकडेमोड:

पायरेट्सच :) रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, दोघं उत्तर प्रदेशचे, भालाफेक करणारे. टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडले, २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पायरेट्सनी करार केला आणि फ्लोरिडाला ब्रेडेंटनला त्यांच्या ट्रेनिंगच्या जागी पाठवलं. मुख्य टीमपर्यंत पोचले नाहीत. रिंकू नंतर कुस्तीच्या शोमध्ये गेला. तेव्हा लोक म्हणाले पायरेट्सनी हे प्रसिद्धीसाठी केलं, असेलही, पण तीस क्लबांपैकी दार उघडलं ते याच क्लबने.

ऑगस्टमध्ये_येतोय:

शांत वाचक होतो, धाग्यामुळे लॉगिन केलं. मी शिकायला पिट्सबर्गला येतोय ऑगस्टमध्ये. मॅच बघायची तर कुठे बसू, कसं जाऊ, आणि नियम येत नसले तर चालेल का?

तीन_नद्या:

ये की! नियम आठवडाभरात येतात. डाउनटाउनमधून क्लेमेंटे पूल चालत ओलांडायचा, मॅचच्या दिवशी गाड्यांना बंद असतो. ट्रामने आलास तर डाउनटाउन ते नॉर्थ शोअर फुकट आहे. तिकीट थर्ड बेसच्या बाजूचं घे, वरच्या मजल्यावरचं चालेल, समोर नदी आणि पलीकडे सगळं शहर दिसतं. उजवीकडची ती उंच भिंत २१ फूट आहे कारण आपला जुना महान खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटेचा नंबर २१. तो १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन जाताना विमान पडून गेला, इथे त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोलत नाही, मालकाला शिव्या देणारेसुद्धा.

आणि १३ ऑक्टोबर मोकळा ठेव. ओकलंड भागात (अस्मिताचं नाही, आमचं) जुन्या फोर्ब्स फील्डची भिंत उरली आहे, तिथे दर वर्षी त्या दिवशी लोक खुर्च्या घेऊन जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री पहिल्यापासून लावतात. यँकीजनी त्या सिरीजमध्ये एकूण ५५ रन केले आणि आपण २७, तरी आपण जिंकलो. आपल्या मॅझरोस्कीचा मॅच जिंकून देणारा होमरन बरोबर ३:३६ ला येईल अशी वेळ जुळवतात. निकाल सगळ्यांना पाठ आहे, तरी सहाव्या इनिंगला यँकीज पुढे गेले की माणसं कण्हतात. लेक्चर असेल तर बुडव.

ऑगस्टमध्ये_येतोय:

१३ ला मिडटर्म नसू दे म्हणजे झालं. आणि ती पिरोगी स्टेडियममध्ये खायलाही मिळते का, की नुसती पळते? मी शाकाहारी आहे.

तीन_नद्या:

मिळते. बटाटा-चीजची माग, वर कांदा परतून घालतात. काही ठिकाणी बेकनचे तुकडे टाकतात वरून, ते नको म्हणून आधीच सांग.